पाणी घेणारी जुनी ॲल्युमिनियम बोट: गळती कशी शोधायची, कशी बुजवायची आणि कुठे थांबायचं

शिवसागर, धोम, कण्हेर किंवा कृष्णेच्या पात्रात बरीच वर्षं चाललेली ॲल्युमिनियमची बोट हातात आली की तक्रार ठरलेली असते: बोट पाणी घेते. आतून कुणी एम-सील लावलेलं असतं, कुणी डांबर ओतलेलं असतं, आणि पुढच्या हंगामात ती त्याच जागी पुन्हा गळते. गळती न शोधता, पाणी दिसलं तिथे लेप दिला की असंच होतं. या बोटीत पाणी जिथे साचलेलं दिसतं, तिथून ते आत आलेलं असेलच असं नाही. बरगड्यांखालून, फळ्यांच्या आडून वाहत ते सगळ्यात खोल जागी येऊन थांबतं.

इथे लिहिलेलं १२ ते १६ फुटी, रिवेट मारलेल्या, सपाट किंवा उथळ बुडाच्या बोटींना लागू आहे. त्यांचा पत्रा साधारण १.६ ते २.५ मिलिमीटर जाडीचा असतो. परदेशात अशा बोटी मासेमारीइतक्याच बदकांच्या शिकारीलाही वापरतात, म्हणून त्यांच्या कडा बुटक्या आणि रंग मातकट असतो. आपल्याकडे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ प्रमाणे बदकांची शिकार गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा. पण चक्रवाक, थापट्या, तलवार बदक, हळदी-कुंकू बदक यांची नोंद ठेवायला, फोटो काढायला किंवा माशांसाठी जाळी टाकायला हीच बोट उत्तम. शांतपणे सरकते, हातभर पाण्यात चालते आणि चौघांना उचलता येते. म्हणून ती नीट दुरुस्त करावी, भंगारात घालू नये.

आधी लक्षणं

हत्याराला हात लावण्याआधी पाणी कधी येतं ते बघा. निम्मा शोध तिथेच लागतो.

बोट काठाला रिकामी बांधून ठेवली तरी पाणी येत असेल तर भोक पाण्याच्या रेषेखाली आहे. संशय आधी बुचावर, मग बुडाच्या रिवेटांवर.

रिकामी कोरडी राहते पण तीन माणसं बसली की पाणी येतं, याची दोन कारणं असतात. एक तर भार पडल्यावर पाण्याखाली जाणारं एखादं भोक कडेला आहे, नाहीतर भाराने पत्रा वाकतो आणि सैल रिवेट किंवा तडा उघडतो. दुसरं कारण जास्त गंभीर.

इंजिन चालू करून वेग घेतल्यावरच पाणी येत असेल तर मागची बाजू तपासा: इंजिन ज्या उभ्या फळीवर बसतं ती ट्रान्समची फळी, तिचे बोल्ट आणि तिचे कोपरे.

बोट आतून कोरडी दिसते, तरी एका बाजूला कलते आणि उचलायला पूर्वीपेक्षा जड लागते. इथे बसण्याच्या पेटीतल्या फोमने पाणी पिलेलं असतं.

रिवेटभोवती काळा ओघळ दिसतो. तो रिवेट हलतो आहे, घासून निघालेली ॲल्युमिनियमची भुकटी पाण्यासोबत ओघळली आहे. रिवेटभोवती पांढरी, चुन्यासारखी पूड दिसली तर तिथे धातू खातो आहे. काळा ओघळ हातोडीने सुटू शकतो. पांढऱ्या पुडीखाली काय उरलंय ते खरवडल्याशिवाय कळत नाही.

फुकटची तपासणी: ही खरंच गळती आहे का

पावसाचं पाणी, वल्ह्यावरून पडणारं, ओल्या जाळ्यातून निथळणारं आणि वाऱ्यात कडेवरून उडणारं पाणी मिळून दिवसभरात बादली सहज भरते. बोट पूर्ण पुसून कोरडी करा, शांत पाण्यात रिकामी बांधा, वर ताडपत्री टाका आणि एक तास थांबा. मग स्पंजाने पाणी टिपून लिटरच्या मापाने मोजा. नंतर तेवढाच वेळ रोजच्या वजनाइतकी वाळूची पोती ठेवून पुन्हा मोजा. माणसं बसवू नका, ती हलतात आणि माप चुकतं.

जुन्या रिवेटच्या बोटीत भारासह तासाला अर्धा-एक लिटर पाझर चालण्यासारखा आहे. त्यापुढे शोध घ्यायलाच हवा. तासाला दहा लिटरच्या वर गेलं तर रिवेटांच्या मागे न लागता थेट बूच, तडा किंवा उसवलेला सांधा शोधा. एखाद-दुसरा सैल रिवेट सहसा एवढं पाणी देत नाही.

ही चाचणी तलावाच्या किंवा धरणाच्या संथ पाण्यात, काठावरून करा. भिलवडी, औदुंबर, ब्रह्मनाळ या पट्ट्यात कृष्णेत मगरी आहेत. तिथे कमरेइतक्या पाण्यात उभं राहून बुडाखाली हात फिरवायचा नाही.

स्वस्तातली तपासणी: बूच

मागे खाली पाणी काढायचं भोक असतं. त्याचं बूच दोन प्रकारचं असतं: खिटी दाबली की फुगणारं रबरी, किंवा आट्यांचं. रबरी बूच उन्हाने कडक होतं. नखाने दाबून बघा. खळगा पडून परत भरून आला तर रबर जिवंत आहे. तडे दिसले किंवा नख रुतत नसेल तर बदला. गळतीच्या तक्रारींपैकी बऱ्याच इथेच संपतात, म्हणून हे सगळ्यात आधी.

आट्यांच्या बुचात एक फसवणूक आहे. परदेशी बोटींना एनपीटी आटे असतात, आपल्या नळाच्या दुकानात बीएसपी मिळतात. अर्ध्या इंचाला दोन्हीत इंचाला १४ आटे, त्यामुळे बूच दोन-तीन फेरे छान बसतं आणि बसलं असंच वाटतं. पण आट्याचा कोन एकात ६० अंश आणि दुसऱ्यात ५५ अंश असतो, म्हणून पाणी आट्यांतून झिरपतच राहतं. जोर लावून आवळलं तर मऊ ॲल्युमिनियमचे आटे मोडतात. मूळ बूच हरवलं असेल तर प्लास्टिकचं घ्या आणि त्याला टेफ्लॉन टेपचे चार-पाच वेढे द्या. जीआयचं किंवा पितळेचं बूच कायमचं बसवून ठेवू नका, ओल्यात पितळ ॲल्युमिनियमला खातं.

बूच चांगलं असूनही ओल येत असेल तर भोकाभोवतीची चकती बघा. ती तीन-चार लहान रिवेटांनी बसवलेली असते आणि तिच्याखालचा जुना लेप सुटलेला असतो. रिवेट ड्रिलने काढा, चकती साफ करा, खाली पॉलियुरेथेन सीलंट लावून परत बसवा.

रिकामी भोकं

जुन्या बोटीत आधीच्या मालकांनी काय काय बसवलेलं असतं: दिव्याची पट्टी, मासे शोधायच्या यंत्राचा पाण्यातला भाग, वल्ह्याची कडी, खुर्चीचं बूड. वस्तू निघून जाते, भोक राहतं. आत एकाने बॅटरी घेऊन बसायचं, बाहेरून दुसऱ्याने बघायचं, हे संध्याकाळी अंधार पडताना करा. प्रकाशाचा ठिपका दिसला की मार्करने गोल करा.

पाच मिलिमीटरपर्यंतचं भोक बंद टोकाच्या पॉप रिवेटने बुजतं. बाजारातला साधा पॉप रिवेट मधून पोकळ असतो. त्याची खिळ पडून गेली की त्याच पोकळीतून पाणी येतं, म्हणून दुकानात बंद टोकाचाच मागा. ४.८ मिलिमीटर रिवेटाला ४.९ चं भोक, रिवेटाच्या मानेला सीलंट, मग मारा.

बोटीत पाणी भरून गळती शोधणं

इतकं करूनही पाणी येत असेल तर उलटी परीक्षा घ्यायची: पाणी आत, नजर बाहेर.

बोट जमिनीपासून गुडघ्याइतकी उंच करा. पण दोन टोकांना दोन घोड्या लावून मधला भाग अधांतरी ठेवू नका. साडेतीन मीटर लांब आणि एक मीटर रुंद बुडात पाच सेंटिमीटर पाणी म्हणजे १७५ लिटर, तितकेच किलो. तेवढ्या वजनाने मधे आधार नसलेलं बूड खचतं, नवे तडे पडतात. खाली वाळूची पोती किंवा जुने टायर चार-पाच जागी, बरगड्यांच्या रेषेत द्या. पाणी पाच सेंटिमीटरच्या वर भरू नका.

बाहेरून बूड कोरड्या फडक्याने पुसा आणि रिवेटांच्या ओळींवर खडूची भुकटी किंवा टाल्कम पावडर मारा. ओला चुना वापरू नका, तो ॲल्युमिनियमवर चढतो. दहा मिनिटांत पाझरणाऱ्या जागी पावडर गडद होते. तिथे मार्करने खूण करा. अर्ध्या तासाने परत बघा आणि मंद पाझर वेगळ्या खुणेने दाखवा. मग एकाने बोटीच्या कडा धरून हलकेच हलवायचं, दुसऱ्याने बघायचं. हलवल्यावरच ओला होणारा रिवेट सगळ्यात आधी दुरुस्त करायचा.

ही परीक्षा सकाळी घ्या. उन्हात पत्रा फुगतो, काही फटी तात्पुरत्या मिटतात आणि तुमच्या खुणा अपुऱ्या राहतात.

रिवेट

मूळ रिवेट भरीव असतो. तो सैल झाला असेल पण त्याचं डोकं शाबूत असेल तर बदलायची गरज नाही, पुन्हा ठोकून घट्ट होतो. याला दोन माणसं लागतात. बाहेरून एकाने तीन-चार किलोचा लोखंडी ठोकळा रिवेटाच्या डोक्यावर दाबून धरायचा. ठोकळ्याला डोक्याच्या आकाराची खळगी पाडून घेतली तर उत्तम. आतून दुसऱ्याने पाव ते अर्धा किलोच्या बॉलपीन हातोडीने शेपटावर दोन-तीन नेमके ठोके द्यायचे. आवाज बदलतो: सैल असताना खडखड, घट्ट झाला की एकजीव. तिथे थांबा. जास्त ठोकलं तर शेपूट फाटतं किंवा रिवेटभोवतीचा पत्रा ताणून पसरतो आणि शेजारचे दोन रिवेट सैल होतात.

ठोकळा धरणारा आणि ठोकणारा एकमेकांना दिसत नाहीत, म्हणून इशारा ठरवून घ्या. ठोकळा सरकलेला असताना पडलेला ठोका पत्र्याला पोचा पाडतो. डोळ्यांवर चष्मा आणि कानात बोळे हवेतच. उलट्या बोटीत तो आवाज फार घुमतो.

डोकं झिजलेला किंवा भोक लांबट झालेला रिवेट मात्र काढावाच लागतो. डोक्याच्या मध्यावर पंच मारा, रिवेटापेक्षा किंचित बारीक ड्रिलने फक्त डोक्याइतकं खोल जा आणि उरलेलं शेपूट पंचाने पाडा. आरपार ड्रिल केलं तर भोक वाकडं होतं. नवा रिवेट ॲल्युमिनियमचाच घ्या. लोखंडी नको, तांब्याचा तर मुळीच नको.

ठोकणं आटोपल्यावर आतून पातळ इपॉक्सीचा हात द्यायचा. आधी सांध्यातला चिखल दाबाच्या पाण्याने काढा, दोन दिवस उन्हात वाळवा, स्टेनलेसच्या तारेच्या ब्रशने चमक येईपर्यंत घासा, थिनरने पुसा आणि त्याच दिवशी लेप लावा. घासलेल्या ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर लगेच धरायला लागतो. रात्रभर ठेवून दुसऱ्या दिवशी लावलेला लेप पापुद्र्यासारखा सुटतो. लोखंड घासलेला ब्रश इथे वापरू नका, त्याचे कण पत्र्यात रुततात आणि तिथून गंज सुरू होतो.

लेपाबद्दल थोडं स्पष्ट सांगतो. एम-सील कडक असतं आणि बोट लाटेवर वाकते, म्हणून त्याच्या कडेने केसाएवढी फट पडतेच. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन आम्ल सोडतं, ते ॲल्युमिनियमला लावू नका. डांबर सगळ्यात वाईट. ते गळती थांबवत नाही, झाकतं. पुढे वेल्डिंगची वेळ आली की डांबर लागलेल्या जागी वेल्ड धरत नाही, आणि ते काढण्यात मूळ कामापेक्षा जास्त दिवस जातात. लावलेलंच असेल तर डिझेलमध्ये भिजवलेलं फडकं ठेवून मऊ करा, प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा, शेवटी साबणाने धुवा. आणि हे काम विस्तवापासून लांब.

सांध्यांना पॉलियुरेथेन सीलंट योग्य. तो हवेतल्या ओलाव्याने पक्का होतो. माण-खटावच्या कोरड्या हिवाळ्यात त्याला पाकिटावर लिहिलं आहे त्याहून जास्त वेळ लागतो. एक आठवडा बोट पाण्यात घालू नका.

जड झालेली बोट: फोम

बसण्याच्या पेट्यांमध्ये आणि पुढच्या टोकात फोम भरलेला असतो. बोट उलटली, पाण्याने भरली, तरी ती बुडू नये म्हणून तो आहे. जुना ओतीव फोम वर्षानुवर्षं ओलात राहिला की पाणी पितो. एक घनफूट जागेत २८ लिटर पाणी मावतं. चार घनफुटांची पेटी निम्मी भिजली तरी ५५ किलोच्या आसपास वजन वाढलेलं असतं, म्हणजे एक माणूस कायम बोटीत बसलेला.

पेटीच्या खालच्या कोपऱ्यात, रिवेटांपासून दूर, १० मिलिमीटरचं भोक पाडा. पाणी ठिबकलं किंवा आतून काढलेला फोमचा तुकडा पिळल्यावर ओला निघाला तर पेटी उघडायची आणि सगळा फोम काढायचा. वाळवून परत वापरता येईल ही आशा सोडा, आतले कप्पे फुटलेले असतात.

नवीन काय भरायचं? थर्माकोल नको. पेट्रोल सांडलं की तो विरघळतो, आणि इंजिनच्या बोटीत पेट्रोल कधीतरी सांडतंच. बंद कप्प्यांचा पॉलिइथिलीन फोम तुकडे कापून घट्ट बसवा आणि त्याच्या बुडाखाली पाणी वाहायला दोन सेंटिमीटर जागा ठेवा. किती हवा याचा हिशेब असा: ॲल्युमिनियमचं पाण्याखालचं वजन कोरड्या वजनाच्या साधारण ६३ टक्के. ८० किलोची बोट म्हणजे ५० किलो, वर इंजिन ४० किलो, बॅटरी आणि सामान १५ किलो, बेरीज १०५. एक लिटर फोम जवळजवळ एक किलो उचलतो. तेव्हा थोडी राखीव धरून फक्त बोट तरंगती ठेवायला १२५ ते १३० लिटर तरी पाहिजे, आणि तिला धरून राहणाऱ्या माणसांसाठी त्यावर भर. सगळा फोम खाली तळाशी भरू नका. पाण्याने भरलेली बोट त्यामुळे उलटी होते. थोडा कडांच्या बाजूने वर द्या.

ओला फोम तसाच ठेवून वरून रंग देणं हा या बोटींचा सगळ्यात महागात पडणारा आळस आहे. ओल अडकून राहते आणि पेटीखालचा पत्रा आतून खात जाते.

मागची फळी

इंजिनचा खालचा दांडा धरून वर-खाली दाबा. फळी आणि पत्रा वेगवेगळे हलताना दिसले किंवा कोपऱ्यात चरचर झाली तर लाकूड कुजलंय. हातोडीच्या दांड्याने फळी वाजवत जा. टणक आवाज अचानक भद्द झाला तिथून कुज सुरू. बोल्ट काढून भोकात स्क्रू-ड्रायव्हर घालून बघा, भुसा निघाला तर संशयच उरत नाही.

फळी बदलणं घरी जमतं, पण घाई नको. जुनी फळी साचा म्हणून जपून काढा. नवीन प्लाय आयएस ७१० छापाचाच घ्या, १८ मिलिमीटरचे दोन थर इपॉक्सीने चिकटवलेले. आयएस ३०३ चा प्लाय स्वस्त पडतो पण सतत ओलात टिकत नाही. तांब्याचं औषध पाजलेलं लाकूड नको, त्यातलं तांबं ॲल्युमिनियममध्ये उतरतं. सगळी भोकं आधी पाडा, मग कडांना आणि भोकांच्या आत तीन हात इपॉक्सी द्या. उलट क्रमाने केलं तर प्रत्येक भोकातून प्लाय पाणी पितो आणि काही वर्षांत परत तेच. बोल्ट स्टेनलेसचे, खाली नायलॉनचे वॉशर, प्रत्येक भोकात सीलंट.

पत्रा खाल्ला आहे का

आमच्या भागातल्या बोटींचं हे खास दुखणं आहे. उन्हाळ्यात बोट शेडमध्ये पडून असते आणि तिच्यात शेतीचं सामान जातं. पोटॅशच्या पोत्यात क्लोराइड असतं. पोतं फुटलं, ओल लागली, की पत्र्यावर सुईच्या टोकाएवढे खड्डे पडतात. तासगावकडच्या द्राक्षबागेत बोर्डो मिश्रण असतं, म्हणजे मोरचूद आणि चुना. मोरचुदातलं तांबं ॲल्युमिनियमवर बसतं आणि त्या ठिपक्याखाली धातू आरपार जाईपर्यंत खात राहतं, वर चुना आहेच. अशा बोटीच्या बुडात हिरवट-निळे डाग दिसले तर प्रत्येक डागाखाली खड्डा आहे असं धरून चाला. जाळ्याचे शिशाचे गोळे, सांडलेलं ओलं सिमेंट, बरगडीखाली साचलेला चिखल हेही तेच करतात.

डाग साबण आणि नायलॉनच्या ब्रशने काढा. कॉस्टिक सोडा किंवा संडास साफ करायचं ॲसिड अजिबात नको. दोन्ही धातू विरघळवतात, आणि त्यातून निघणारा हायड्रोजन बंद शेडमध्ये पेट घेऊ शकतो.

खड्डा किती खोल आहे ते टोकदार सुईने चाचपा. पत्र्याच्या निम्म्याच्या आत असेल तर इपॉक्सीने भरून चालतं. निम्म्याहून खोल असेल, किंवा तळहाताएवढ्या जागेत दहा-बारा खड्डे असतील, तर तिथे ठिगळ हवं. ५०५२ मिश्रधातूचा, बुडाच्याच जाडीचा पत्रा घ्या. खराब भागाच्या बाहेर सगळीकडे ४ ते ५ सेंटिमीटर पुढे जाऊ दे. कोपरे गोल करा, चौकोनी कोपऱ्यातून नवा तडा सुटतो. खाली सीलंट, २५ मिलिमीटर अंतरावर रिवेटांच्या दोन ओळी, एकाआड एक. ठिगळ बाहेरून मारा म्हणजे पाण्याचा दाब ते पत्र्यावर दाबून धरतो.

तडे, कणा आणि थांबायची जागा

कोयनेचं पाणी उन्हाळ्यात उतरलं की खडकाळ उतार उघडा पडतो आणि बोटी त्याच्यावरून ओढल्या जातात. त्यामुळे कण्याचा, म्हणजे बुडाच्या मधोमध लांबीने जाणाऱ्या पट्टीचा, पुढचा तिसरा भाग झिजतो. बोट उलटी करून कण्यावर सरळ पट्टी ठेवा. पट्टीखाली प्रकाश दिसेल तिथे झीज किंवा वाक आहे.

तडा डोळ्यांना दिसत नाही पण संशय असेल तर डाय पेनेट्रंटचे डबे वापरा. लाल रंग फवारून १० ते १५ मिनिटं थांबा, पुसून पांढरा डेव्हलपर मारा, तड्याची लाल रेष उमटते. ती रेष जिथे संपते तिथे ३ मिलिमीटरचं भोक पाडलं तर तडा पुढे पळत नाही. घरचं काम इथे संपलं.

यापुढे आर्गन वेल्डिंग लागतं, आणि तेही कुणाकडेही नाही. सातारा, मिरज, कुपवाड इथल्या एमआयडीसीत आर्गनचं काम करणारी बरीच दुकानं आहेत, पण ती मुख्यतः स्टेनलेस जोडतात, आणि त्याला डीसी करंट लागतो. ॲल्युमिनियमला टिगमध्ये (याच आर्गन वेल्डिंगमध्ये) एसी लागतो. एसीमुळेच वरचा ऑक्साइडचा थर फुटतो. तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारा: "एसी टिग मशीन आहे का?" दुसरा प्रश्न, दोन मिलिमीटरचा पत्रा जोडलेला दाखवता का. तिसरा, रॉड कोणता. ५०५२ पत्र्याला ५३५६ रॉड चालतो. उत्तर अडखळत आलं तर बोट परत आणा. जळून भोक पडलेला पत्रा दुरुस्त करणं तड्यापेक्षा अवघड.

वेल्डरकडे नेण्याआधी त्या भागातला फोम पूर्ण काढा. जळता पॉलियुरेथेन फोम विषारी धूर सोडतो. पेट्रोलची टाकी आणि नळी उतरवून लांब ठेवा. आतल्या बंद कप्प्याला एक भोक मोकळं असू द्या. बंद कप्पा तापला तर फुटतो.

खालीलपैकी काहीही दिसलं तर स्वतः हातोडी उचलू नका, जाणकार फॅब्रिकेटरला दाखवा: बोटाएवढ्या लांबीपेक्षा मोठा तडा, कण्यावरचा कुठलाही तडा, सलग पाच-सहा रिवेटांची उसवलेली ओळ, दोनपेक्षा जास्त मोडलेल्या बरगड्या, किंवा पिळलेलं बूड. पीळ तपासायला कडेच्या चारही कोपऱ्यांवरून दोन दोऱ्या तिरप्या ताणा. मधे त्या एकमेकींना टेकल्या पाहिजेत. अंतर २ सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल तर बोट पिळली आहे, आणि तशी बोट सरळ चालत नाही, भाराखाली कलते.

ग्रामपंचायतीची किंवा पूरकाळात माणसं हलवायला वापरायची बोट असेल तर वरचं काहीही घरी करू नका, अगदी रिवेटसुद्धा. २०१९ च्या महापुरात ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली. अशा बोटीची तपासणी कागदावर, जबाबदार माणसाच्या सहीने व्हायला हवी.

रंग आणि पाण्यात उतरवणं

रंग शेवटी, आणि गळती थांबल्याची खात्री झाल्यावरच. रेड ऑक्साइड ॲल्युमिनियमवर नीट धरत नाही. आधी एच (etch) प्रायमर, म्हणजे धातूला धरून बसणारं अस्तर, मग रंग. तांब्याचा शेवाळरोधक रंग बुडाला लावायचा नाही. पक्ष्यांसाठी वापरायची असेल तर चमक नसलेला मातकट हिरवा किंवा वाळक्या गवताचा रंग द्या. आतली बाजूसुद्धा मॅट ठेवा, ऊन परावर्तित झालं की थवा लांबूनच उठतो. बसायच्या फळीवर आणि तळाला रबरी चटई टाकली तर पायाचा आवाज पाण्यात जात नाही. बदकं रंगापेक्षा आवाजाला आधी बिचकतात. चटई मात्र चिकटवू नका, दर आठवड्याला उचलून खालचा चिखल धुता आला पाहिजे. मायणी, येरळवाडी किंवा कोयनेच्या अभयारण्यालगतच्या पाण्यात जायचं असेल तर वनविभागाची आणि जलसंपदा विभागाची परवानगी आधी घ्या. इंजिन असेल तर अंतर्देशीय जलयान कायदा, २०२१ प्रमाणे नोंदणीही बघा.

उतरवण्याच्या दिवशी पहिला तास रिकामी, दुसरा तास वाळूच्या पोत्यांसह, काठाला बांधलेली. आधी मोजलेलं माप समोर ठेवून तुलना करा. पाझर चालण्याजोग्या मर्यादेत असेल तरच माणसं, तीही लाइफ जॅकेट घालून आणि काठाजवळ. इंजिन अर्ध्या वेगाने दहा मिनिटं चालवून मागच्या फळीचे बोल्ट पुन्हा आवळा, नवा प्लाय थोडा दबतो.

परत आणल्यावर बूच काढून मागची बाजू खाली करून पाणी निथळू द्या. बोट उलटी, दोन लाकडी ओंडक्यांवर ठेवा, मातीला किंवा सिमेंटला टेकू देऊ नका. काढलेलं बूच इंजिनच्या सेफ्टी दोरीला बांधून ठेवा. म्हणजे बूच हातात घेतल्याशिवाय इंजिन सुरू करता येणार नाही.